बारा महिने हात आखडून

३ ऑगस्ट २०२४

आजपासून निधीला एक पैसाही द्यायचा नाही! बापाला असली शिक्षा असते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मास्टर्सचं पहिलं वर्ष तिनं बाहेरच्या राज्यातली म्हणून केलं. फी ओहायोवाल्यांच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या वर्षासाठी तेवढं कर्ज काढायला ती तयार नाही, मला काढू द्यायलाही नाही. बाणेदार आहे — आईवर गेली आहे. शेवटी कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहणाऱ्या माझ्या मित्रानं, संजयनं मार्ग सांगितला. "वर्षभर ब्रेक घेऊ दे तिला. ओहायोत जॉब, तिथलं लायसन्स, तिथला टॅक्स. आणि बारा महिने न्यू जर्सीहून, म्हणजे तुझ्याकडून, सपोर्ट झीरो. मग इन-स्टेट फी, ओहायोवाल्यांना असते तीच."

"वाढदिवसालाही नाही?"

"नाही यार."

४ ऑगस्ट

गाडी माझ्या नावावर, म्हणून परत आणली. कोलंबस ते वेस्ट विंडसर आठ तास, एकटा. मला टाटा करून पोरगी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. मागच्या सीटवर तिचा केसांचा रबर सापडला. राहू दिला तिथेच.

२१ सप्टेंबर

शोभनाचा प्रश्न — "अहो, चिवडा ही आर्थिक मदत होते का?" संजयला फोन केला. आधी पोट धरून हसला, मग म्हणाला चिवडा चालतो. बाईसाहेबांनी चार किलो पाठवला.

२ नोव्हेंबर, पाडवा

गाढव आहे मी.

निधीनं व्हिडिओवर औक्षण केलं. निरांजनाच्या जागी छोटी मेणबत्ती, सुपारी नव्हती म्हणून बदाम. कपाळाऐवजी स्क्रीनला कुंकू लावलं. इतकी गोड दिसत होती! "बाबा, ताट रिकामं आहे," म्हणाली. सवयीनंच म्हणाली आणि सवयीनंच माझा अंगठा फोनवर चालला. एकशे एक डॉलर. वर शहाण्यानं खाली 'ओवाळणी' असं लिहिलं.

दोघंही हसत होतो. मग तिचा चेहरा उतरला. "बाबा, मला बँक स्टेटमेंट्स सबमिट करायची आहेत. बाराही महिन्यांची." लगेच परत पाठवले तिनं. पण आलेले दिसणार, गेलेलेही दिसणार.

संजय म्हणतो, युनिव्हर्सिटीनं मनावर घेतलं तर आजपासून पुन्हा बारा महिने मोजतील. डिपार्टमेंटनं तिची जागा पुढच्या ऑगस्टपर्यंतच ठेवली आहे. म्हणजे जागा गेली. माझ्या अंगठ्यापायी!

३ नोव्हेंबर

शोभनानं माझा फोन उचलून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी २०२५

टॅक्स भरायला बसलो. मागच्या वर्षी निधी तुमच्यावर अवलंबून होती, यंदा नाव काढायचं का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. शोभनाला हाक मारली. "तुम्हीच दाबा," म्हणाली आणि दारातूनच परत गेली. दाबलं.

१८ एप्रिल

निधीनं दाढ काढून घेतली. आम्हाला सांगितलं आठ दिवसांनी! एकटी गेली, एकटी बसनं परत आली, बिल हप्त्यानं फेडते आहे. मी तोंड उघडायच्या आत, "नाही बाबा. I've got it." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. अभिमानानंही आलं, हे इथे लिहून ठेवतो.

६ जुलै

इन-स्टेट फीचा अर्ज ती बहुतेक आज देणार. त्या एकशे एकचा खुलासा वेगळा जोडावा लागतो. तो तिनं फोनवर वाचून दाखवला. इंग्रजीत होता, मतलब असा — या दिवशी मुलगी वडिलांना ओवाळते, वडिलांनी ताट रिकामं ठेवायचं नसतं. माझे वडील नियम विसरले, सण विसरले नाहीत. पैसे मी त्याच दिवशी परत केले.

"फार लाडिक झालंय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, एक अक्षर बदलू नकोस.

२२ जुलै

आज त्या अर्जासाठी युनिव्हर्सिटीनं व्हिडिओवर तिची मुलाखत घेतली. वीस मिनिटं. बरी झाली म्हणते. नेमकं काय विचारलं ते सांगत नाही, आणि मीही खोदत नाही. आत्ता कुठे अंगठा आवरायला शिकलोय, आता जीभ.

३१ जुलै

मंजूर! ओवाळणीबद्दल एक शब्दही काढला नाही त्यांनी.

मुलाखतीत खरा प्रश्न वेगळाच होता म्हणे. शिक्षण संपल्यावर ओहायो सोडणार का? ही म्हणाली, "नाही, आता माझं घर इथेच आहे." मी म्हटलं, "शाब्बास! बरोब्बर उत्तर दिलंस."

तिनं मला अडवलं. "बाबा, द्यायचं म्हणून नाही दिलं. I meant it."

शोभनाला फक्त मंजूर झालं एवढंच सांगितलंय. शिऱ्यासाठी रवा भाजते आहे.