शेडमागचा खडक

१४ मार्च, मंगळवार

चिंगे,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, काही कमी केलेले नाहीत. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो, त्यामुळे माझी गच्चीवरची बिडी बंद झाली. तुझे रबरी बूट अजून शेडच्या दाराशीच आहेत. मांजरीने डाव्या बुटात पिल्लं घातलीत, म्हणून हलवले नाहीत.

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. कामाच्या गर्दीमुळे उत्तराला उशीर झाला, असं लिहिलं आणि तो कागद फाडला. गर्दी कसली डोंबलाची, दोन होड्या आल्यात दुरुस्तीला.

तू महिनाअखेर राजीनामा देणार म्हणतेस. तुझ्या प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, दोन जागांच्या गोगलगायींचे डबे एकमेकांत मिसळले असणार, आणि आता तुलाही तसंच वाटायला लागलंय. ‘दादा, माझा माझ्या हातांवर विश्वास राहिला नाही.’ वहिनीने हे मोठ्याने वाचलं तेव्हा मी चहा घेत होतो. कप तसाच खाली ठेवला. अगं, लहानपणी तू आईची बटणं रंगवार लावायचीस आणि मी एक इकडचं तिकडे केलं तर घर डोक्यावर घ्यायचीस. तू डबे मिसळशील?

तुला तो दिवस आठवतो का, तू पहिल्यांदा माझ्या बाकावरच्या शिकंज्यात समुद्रातल्या गोगलगायीचा शंख फोडलास? भिंगातून दाखवलंस. म्हणालीस, “दादा, ही मादी आहे, पण हिला नराचा अवयव फुटलाय. त्याने अंडी बाहेर पडायची वाट बंद होते. अंडी आतच कुजतात आणि ही मरते.” मी विचारलं कशाने, तर म्हणालीस, “तुमच्या जुन्या रंगाने. बोटीच्या तळाला शिंपल्या चिकटू नयेत म्हणून त्यात कथिलाचं विष असायचं ना, त्याने. चिमूटभरही पुरतं.” मी हसून म्हटलं, “म्हणजे बायकांना मिशा आल्या म्हण.” तू मला कोपर मारलंस.

मग तू म्हणालीस, बंदरातल्या गोगलगायींशी ताडून बघायला एक स्वच्छ जागा हवी, जिथे रंगाचं पाणी कधीच गेलं नाही. “तुझ्या शेडमागचा खडक चालेल ना? तिथे तर तू नुसत्या फळ्या तासतोस.”

मी ‘हो’ म्हटलं.

आता ऐक. त्या रंगावर बंदी आली तेव्हा माझ्याकडे चौदा डबे शिल्लक होते. जमा करायचे होते, मी ताडपत्रीखाली लपवले. नवा रंग टिकत नाही गं. सहा महिन्यांत तळ शिंपल्यांनी भरतो आणि बोटवाले येऊन तोंडावर म्हणतात, म्हातारा झालास. माझ्या हातच्या बोटीचा तळ दोन वर्षं कोरा राहतो, हे सगळं बंदर म्हणायचं. तेवढ्या शाबासकीसाठी मी ठरावीक बोटी मागच्या शेडमध्ये घ्यायचो आणि जुनाच रंग लावायचो. खरवडलेले पापुद्रे झाडून त्या खडकावर लोटायचो. ब्रशही तिथेच धुवायचो. बंदरात तपासणी असायची, इकडे कोण बघणार.

तेव्हा ‘नको’ म्हटलं असतं तर तू ‘का’ विचारलं असतंस. म्हणून ‘हो’ म्हणून मोकळा झालो. वाटलं, चार गोगलगायी इकडच्या काय आणि तिकडच्या काय. तू तीन वर्षं ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून त्या वेचल्यास आणि मी तुला वर चहा आणून दिला. स्वच्छ जागेतल्या माद्याही बंदरातल्यासारख्याच निघाल्या तेव्हा तू भिंगावरून डोकं उचलून माझ्याकडे पाहिलंस. मी ब्रश पुसत राहिलो. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे डबे तरी मिसळलेत, नाहीतर रंगाचा दोष नाही, असं साहेबांनी लिहिलं आणि तुझं काम बंद केलं.

तुझे डबे बरोबर होते. तुझे हात बरोबर होते. जागा खोटी होती आणि ती माझ्या एका शब्दाने खोटी झाली.

साहेबांना वेगळा कागद लिहिला आहे, तारखा आणि बोटींसकट. सही केली आहे. सोबत उरलेल्या तीन डब्यांपैकी एकाचं झाकण पाठवतो, हातमोजे घालून धर. बाकीचे कुठेही फेकणार नाही, कोणाच्या ताब्यात द्यायचे ते कळव. माझं काम जाईल. वहिनीला सांगितलं आहे. ती आज फक्त म्हणाली, “पत्र टाकलंत का?”

आणखी एक. दीपगृहाच्या पलीकडे, जिथे बोट लागूच शकत नाही, तिथे एक खडक आहे. मला तेव्हाही ठाऊक होता. काल ओहोटीला गेलो, दगड उलटून पाहिले. खालच्या बाजूला तांदळाएवढ्या पिवळ्या पिशव्या उभ्या चिकटलेल्या होत्या, शेकड्यांनी. तू चित्र काढून दाखवली होतीस तशीच अंडी. शेडमागे इतक्या वर्षांत मी एकही पाहिलेली नाही. मोजली नाहीत, हात लावला नाही. दगड होते तसे परत ठेवले.

राजीनामा देऊ नकोस. बूट घ्यायला ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर मी शेडमध्ये थांबणार नाही, वहिनी वाट दाखवेल.

तुला चुकीची जागा दाखवणारा,
दादा