बघणारीचं नाव

सोम. ९ एप्रिल ८४
ऊन लई. गच्चीवर मिरच्या पसरल्या, दुपारभर देठं काढली. बोटांची आग. दोनच ओळी लिहायच्या होत्या.
शेजारच्या जैतूनचा हात मोडला. उजवा, मनगटात. फुटबॉलची मॅच जिंकून पोरं आली, हलगी, गुलाल. तिचं शिलाई मशीन दारातच, वर गिऱ्हाइकाची ब्लाउजं. "लगीनघरचं कापड हाय रं, गुलाल नगं," एवढंच म्हणाली. हौसाच्या लेकानं, दिन्यानं, हातातला झेंड्याचा बांबू घातला. मी गच्चीच्या कठड्याशी होते. दिसायचं ते दिसलं. खाली उतरेस्तोवर ही गर्दी, आणि कुणीच काही बघितलेलं नाही. मीपण गप्प.

मंगळ. १०
जैतूनला प्लास्टर, सहा आठवडे. नवरा नाही, दोन लेकी. पोट सगळं त्या मशीनवर. चौकीत गेलती. हवालदारानं साध्या कागदावर चार ओळी खरडल्या, कागद खिशात. "तालमीत बसून मिटवा बाई. फायनल तोंडावर हाय." दिन्या आमच्या पेठेच्या तालमीकडनं खेळतो. गोल घालतो म्हणून हात मोडायची सूट.
हौसा आली मिरच्यांना हात लावायला. तिच्या-माझ्या मिरच्या एकत्रच, वीस वर्षं झाली. एकदाच कुटायच्या, मग निम्म्या-निम्म्या. लेकाचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. देठं काढली.

गुरु. १२
नात सुनंदा (पुढं नुसतं सु. लिहीन, बोटं दुखतात) कॉलेजातल्या पोरींबरोबर नवीन काम घेऊन आली. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला कायद्यानं काय मागता येतं ते लोकांना सांगत फिरायचं. पुठ्ठ्यावर लिहिलंय: तक्रार लिहून घेतलीच पाहिजे. नक्कल फुकट. जबानीला बाईला चौकीत बोलवायचं नाही, पोलिसानं घरी यायचं.
"आणि हात?" म्हटलं.
"कसला हात?"
"जैतूनचा. त्यो कुठल्या कलमानं जुळतोय?"
रागावली. जेवली नाही. मग जेवली.

रवि. १५
त्यांची सभा. कॉलेजच्या सरांनी जागा ठरवली तालीम! कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याशेजारी सतरंजी. तालमीत बाई पाय ठेवत नाही हे सरांना ठाऊक नसेल, परगावचे. सु. तर इथंच वाढली. सरांपुढं बोलवेना म्हणे. आणि ही लोकांना सांगणार, तोंड उघडा.
आले कोण? पाच पैलवान आणि वस्ताद. वस्ताद म्हणाले, "बोला की पोरीनो. उद्या आमच्यावर कुणी हात टाकला तर कामाला यील."
सु. घरी येऊन रडली. म्हटलं, एप्रिलात बायका कुठं सापडतात? डंकावर. चटणी कुटायला नंबर लावून तासन्‌तास बसतात, सोडून उठता येत नाही. भाषण द्यायचं तर तिथं द्या.

बुध. १८
डंकावर गेल्या. मीपण गेले, नंबर लावला, पुढच्या शुक्रवारचा मिळाला. मशीनची धाडधाड, तिखटाचा खकाणा. सु. ओरडतेय, शिंकतेय, परत ओरडतेय. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय भाषण आहे.
उचगावची एक बाई म्हणाली, "न्हाय लिवून घेतलं तर?"
"तर मोठ्या सायबाला टपालानं धाडायचं."
"आन् घरच्या मालकानंच हाणलं तर?"
नेमकं तेव्हाच डंकवाल्यानं मशीन थांबवलं. सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. सु. म्हणाली, "तरीबी तक्रार हुतीया, मावशी." मग बाईचा नंबर आला, डबा उचलून गेली.
मागं जैतून उभी होती, हात गळ्यात. तिच्याकडं मिरच्या नव्हत्या. ऐकायलाच आली होती.

गुरु. १९
जैतून आमच्याकडं. मोठ्या साहेबाला धाडायचा अर्ज सु.नं लिहिला, खाली जैतूनचा डावा अंगठा. सु. विचारते, बघणारं कोण होतं? जैतूननं माझ्याकडं मान वळवली नाही. "कुणी न्हाय. मोकळं ठेव."
सु. पाणी आणायला आत गेली तशी मला म्हणाली, "मावशी, तुमचं नि हौसाबाईंचं बसणं-उठणं हाय. मी न्हाय तुमचं नाव घालणार."
म्हणजे तिनं मला त्या दिवशी गच्चीवर बघितलं होतं. दहा दिवस ठाऊक होतं. आणि रोज दारातनं विचारत होती, मावशी, जेवला का?
मोकळी जागा दोन बोटं. मी तिसरी शिकले, वही लिहिते, तर नावही येतं. घातलं. वाकडं आलं. सु.नं बघितलं, भाषण केलं नाही. उपकार.

मंगळ. २४
वरनं विचारणा आली असावी. जैतूनची तक्रार चौकीतल्या वहीत चढली. नक्कल मिळाली, फुकट. तिला वाचता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या खणात ठेवली.
बघणारी कोण ते पेठेला कळलं. दिन्या आला, उंबऱ्यात बसला.
"मावशी, तू मला न्हाऊ घाटलंस."
"घाटलं की. तवाबी लाथा झाडत हुतास."
"फायनल हाय गं."
"तिची लगीनसराई हाय."
गेला. चहा तसाच.
वस्तादांचा निरोप: दोघींनी तालमीत या, मिटवू. एरवी बाईचा पाय चालत नाही, मिटवायला चालतो. गेले नाही. जैतूनही गेली नाही.

गुरु. २६
उद्या दहाला हवालदार जबानीला घरी येणार. चौकीत या म्हणत होता, सु.नं पुठ्ठा नेऊन दाखवला. डंकावरचा नंबरही उद्याच, बाराला.
हौसा दोन दिवस फिरकली नाही. नळावर मी गेले की तिची घागर भरलेली असते. मिरच्या पोत्यात भरल्या. निम्म्या तिच्या, पण कुठल्या? मसाला दोन्ही घरांचा भाजला, सवयीनं. कंबर धरली.
हवालदाराला काय सांगायचं ते पाठ आहे. हौसाला काय...
तिचा चटणीचा डबा गेल्या सालापासून आमच्याकडंच. घासून उन्हात पालथा घातलाय. उद्या न्यायला येते का बघायचं.