निळं जाकीट

रविवार, १२ फेब्रुवारी

चि. चिमणे,

आशीर्वाद. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी आठवडाभरात सुटेल, तोवर लिहू-वाचू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर चालवून घे. साखर बरी आहे. तुझ्या वहिनीने खिडकीजवळचा पलंग दिलाय, दादाने नवी उशी आणलीय. माझी काही तक्रार नाही. तुला एक विचारायचं आहे, पण ते नंतर.

फुटपाथवर गोणपाट टाकून लोकांचे पंखे-मिक्सर उघडायला बसलो, तेव्हापासून मोटर कुठे घासतेय ते मला आवाजावरून कळतं. आता दुकानं झाली, कारागीर आले, पण कान तेच. एक डोळा झाकल्यापासून तर ते आणखीच टवकारलेत.

मी दादाकडे आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या अभ्यासासाठी या घराची पाळी होती. वहिनीने गोटीला तुझ्या संस्थेचं ते निळं जाकीट घातलं, छातीवरच्या खिशात तुझा काडेपेटीएवढा रेकॉर्डर. घरातली मोठी माणसं लेकराशी किती बोलतात, लेकरू काय उत्तर देतं, सगळं दिवसभर त्यात भरतं, हे तूच मला संस्थेत दाखवलं होतंस. संगणकावर एकेका घराचा एकेक ठिपका होता; सगळ्यात वरच्यावर बोट ठेवून म्हणाली होतीस, “हे घर कुणाचं, ओळखा बरं, बाबा!” लेकीचा अभ्यास आणि नातीचा पहिला नंबर! दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो होतो मी.

अगं, काय ते घर त्या दिवशी! वहिनी म्हणतेय, “बघ गोटी, चमचा! कसा चमकतोय! दिसलं का त्यात तुझं नाक?” दादा वाघ झाला, मग आगगाडी झाला, मग वाघ आगगाडीत बसला. गोटी हसून हसून पालथी. “आजोबा, वाघ पल्ला!” म्हणाली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुझ्यासारखा सुखी तूच.

संध्याकाळी रेकॉर्डर बंद केला आणि दादाने गोष्ट तिथेच सोडली. खरं सांगतो, वाघ आगगाडीतून उतरलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, नवरा-बायको भांडलीत की काय. कुणी बोलेचना. गोटीपुढे मोबाइल उभा केलेला. तिचं तोंड जरा उघडलं की घास आत. वहिनीची नजर स्वतःच्या मोबाइलवर, त्यामुळे चमचा कधी ओठाला लागतो, कधी गालाला. हनुवटीवर ओघळलेला भात त्याच चमच्याने खरवडून परत तोंडात. एक अक्षर नाही. पिशवीत कचरा दाबतात ना, तसं. मला शिसारी आली. माझं ताट मी तसंच सरकवलं. “बाबा, अळणी झालंय का?” तिने विचारलं. वर न बघता.

पण खरी किळस पुढेच आहे.

जेवण झाल्यावर गोटी खुंटीखाली गेली, उड्या मारून मारून ते निळं जाकीट ओढून काढलं आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात वर. घाल म्हणून. वहिनी म्हणाली, “आज नाही गं. आज सुट्टी.”

सुट्टी! पोरीशी बोलायला सुट्टी!

मी हाक मारली, “ये गं गोटे, आपण बोलू.” ती आली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि उलटी पळाली. जाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. परत हात वर. रिकाम्या खिशाचं जाकीट मी तिला घातलं, तेव्हा कुठे तिला खरं वाटलं. मग काय ती बडबड! वाघ, नाक, चमचा, आजोबाचा डोळा “बाऊ”. काढलं की तोंड बंद. आता मी हाक मारली की आधी खुंटीकडे धावते.

मी दादाला झापलं. “लाज वाटत नाही? पोर पोटची आहे की परीक्षेची?”

“बाबा, दमून येतो आम्ही. आणि सगळेच करतात असं. तुमच्या लेकीलाच विचारा.”

गिऱ्हाईक बिघडलेला मिक्सर घेऊन यायचं आणि माझ्यासमोर तो सरळ चालायचा. मी तसाच परत द्यायचो का? “ठेवून जा, दोन दिवस चालवून बघतो,” म्हणायचो. तुझा अभ्यास खोटा आहे असं मी म्हणत नाही. बोलण्यानेच पोर उमलतं, हे तर गोटीने डोळ्यांसमोर दाखवलं मला. तेवढं कळत असूनही माणूस असं वागतो, म्हणून तर जास्त ओकारी येते.

आता ते विचारायचं. चार पानं फिरून आलो, पण टळत नाही.

गुरुवारी दादा बाल्कनीत होता, फोन स्पीकरवर. “काय मॅडम, पुढच्या आठवड्यात जाकीट ना?”

“हो रे. आणि वाघ ठेव हं! तुमचा आकडा भन्नाट येतोय. परिषदेत तुमचंच घर दाखवणार आहे.”

“आणि एरवीचं काय, मॅडम?”

“एरवीचं कोण ऐकतंय?”

आणि तू हसलीस.

मी ऐकत होतो, चिमणे. पट्टी डोळ्यावर होती. पहिल्यांदा वाटलं, हा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा. पण तुझं हसू मी तू रांगायच्या आधीपासून ओळखतो.

विचारायचं एवढंच: तुला माहीत होतं, तर आत्या म्हणून झोप कशी लागली?

त्या परिषदेत हे घर दाखवू नकोस. तो ठिपका पुसून टाक. का पुसला, ते वरिष्ठांना तूच सांग. मान खाली जाईल, जाऊ दे. पट्टी सुटली तरी मी इथून हलणार नाही. जाकीटही परत पाठवत नाही. तिला ते अजून लागतं.

उत्तर पत्राने नको, फोनवर तर नकोच. स्वतः ये, मशीन न घेता. आणि दारातून आत आलीस की माझ्या पाया पडत बसू नकोस. आधी गोटीशी बोल, ती खुंटीकडे धावायच्या आत.

सगळं ऐकू येणारा,
तुझा बाबा