बंद केल्याचं कारण

सोमवार, ३ मार्च २०२५

"बंद करायला अक्कल लागत नाही, हेमांगी. का बंद केलं ते लिहायला लागते."

सुहासिनी मॅडम, तेव्हाच्या माझ्या साहेब. २००६. नौपाड्याचं ऑफिस, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून. मी सत्तावीस वर्षांची, बोटं कीबोर्डवर थिजलेली.

आज ते वाक्य दिवसभर कानात आहे, कारण ऋतुराजने शेवटी ते काम माझ्या टेबलावर टाकलंच. माझा साहेब. वय चौतीस, सगळ्यांना मॅडम म्हणतो, कुणाचंच पूर्ण ऐकून घेत नाही. "मॅडम, जुनं मशीन कधीही बसेल. पाडव्याला नवीन चालू झालं तर ठीक, नाहीतर बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. तुम्हाला पण टेन्शन नाही."

टेन्शन नाही म्हणे! कंपनीकडे गेलं की मी उरले पासवर्ड विसरलेल्या पोरांपुरती. तीन वर्षं तेच करतेय.

रात्रीच्या भाकऱ्या थापताना समीक्षाने विचारलं, "आई, म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" अकरावीतली मुलगी, आज पहिल्यांदा विचारलं! म्हटलं, संस्थेची पाच कॉलेजं, कोपरची लायब्ररी, मिळून नऊ हजार माणसं. कोण कोण आहे आणि कुणाचा पासवर्ड बरोबर, हे सगळे कॉम्प्युटर एकाच मशीनला विचारतात. डिरेक्टरी सर्व्हर. चालतो तोवर कुणाला आठवत नाही.

"म्हणजे तुझ्यासारखाच," ती म्हणाली आणि भाकरी घेऊन पळाली.

गुरुवार, ६ मार्च

सापडली! मॅडमची फाईल, जुन्या मशीनवर, त्यांच्या फोल्डरात. नाव नुसतं "का".

हा सर्व्हर त्यांनी आयता बसवला नव्हता, मूळ कोडपासून स्वतः बांधला होता. बांधण्याआधी "कॉन्फिगर" नावाच्या स्क्रिप्टला सांगावं लागतं की यातला कुठला भाग हवा, कुठला नको. पन्नासेक पर्याय. प्रत्येकापुढे चालू किंवा बंद, आणि प्रत्येकापुढे कारण. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. वाचता वाचता एकटीच हसत होते.

शेल बॅकएंड — बंद. यातून बाहेरचे प्रोग्राम आत चालतात. आल्यागेल्याला स्वयंपाकघरात घेऊ नये.

पर्ल बॅकएंड — बंद. मला पर्ल ही भाषा येते. माझ्यानंतरच्याला येईलच असं नाही.

टीएलएस — चालू. पासवर्ड कुणी पोस्टकार्डावर लिहून पाठवतं का?

त्यांचा आवाजच! कोरडा, आणि शेवटच्या शब्दावर किंचित हसू.

मग ही ओळ —

क्रिप्ट — चालू. का ते हेमांगीला ठाऊक.

हेमांगीला काहीही ठाऊक नाही!

शुक्रवार, ७ मार्च

आठवत नाही.

रविवार, ९ मार्च

नवऱ्याचा, आनंदचा, सल्ला सोपा: "मग विचार ना मॅडमना. तुझ्या ऑफिसपासून चार मिनिटांवर राहतात." वर हेही सांगितलं, की मागच्या महिन्यात राम मारुती रोडला भेटल्या होत्या त्याला. म्हणे, "मी आता कॉम्प्युटरला हात लावत नाही. जास्वंदीला लावते." तब्येत छान आहे म्हणे. माझं विचारलं का? "नाही बुवा."

परत कामाला लागल्यापासून तीन वर्षं त्यांच्या गल्लीवरून रोज जाते. वळले नाही. २०११ मध्ये राजीनामा नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो वाचला, सही केली, मान वर केली नाही. कागदावर लिहिलं होतं "घरगुती कारणास्तव". समीक्षा तीन वर्षांची होती, सगळ्यांना पटलं. त्यांना पटलं नव्हतं.

मंगळवार, ११ मार्च

नव्या मशीनवर पहिला बिल्ड, म्हणजे बांधणी, पडला. दुसरा पडला. एक लायब्ररी जुनी, एक जागेवरच नाही.

तिसरा चालला! कॉन्फिगर सुरू झालं की पडद्यावर ओळी पळायला लागतात — हे आहे का? आहे. ते आहे का? आहे. गावाला निघताना आई दारात उभी राहून विचारायची ना, औषधं घेतलीस? चादर? बॅटरी? अगदी तसं. आणि सगळं विचारून झाल्यावर एकदाचं "जा आता". मला ते बघत बसायला इतकं आवडतं! चौदा वर्षांनी बघितलं. डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, "मॅडम, एसी डोळ्यावर येतोय का?"

बुधवार, १२ मार्च

क्रिप्टचा निकाल लावला. माहितीपत्रक म्हणतं, हा पर्याय मुळात बंदच असतो. जुन्या पद्धतीने कुलूप घातलेले पासवर्ड ओळखायला लागतो. आपल्याकडे २०१३ पासून नियमच आहे, दरवर्षी पासवर्ड बदला. म्हणजे जुनं कुलूप उरलंच कुठे?

माझी स्वतःची "का" फाईल केली आहे. तीत लिहिलं —

क्रिप्ट — बंद. जुनी पद्धत. आता कुणी वापरत नाही.

कारण लिहिलं हं, मॅडम.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. कोपरला आमच्या बिल्डिंगखाली पोरांनी मला सोडलं नाही. कानात अजून हिरवा रंग आहे. कालच्या तीन पुरणपोळ्या उरल्या होत्या, मी दोन खाल्ल्या, एक समीक्षाला दिली आणि दोघींनी आनंदला सांगितलं की संपल्या.

नऊ हजार नावं नव्या मशीनवर उतरली. एकही गळलं नाही!

रविवार, १६ मार्च

आज संध्याकाळपासून चाचणी. कोपरची लायब्ररी आणि सगळ्यांचा मेल, दोन दिवस नव्या मशीनला विचारणार.

दर रविवारसारखा रिपोर्टही पाठवला. मॅडमच्या काळातली पद्धत, आठवडाभरात सर्व्हरचं काय झालं ते एका पानात लिहून "सर्व्हर" नावाच्या गटाला मेल. ऋतुराज मागेच म्हणाला होता, "मॅडम, तो रिपोर्ट वाचतं कोण? मी पण नाही वाचत, खरं सांगतो." खरं आहे. कुणी वाचत नाही. मी लिहिते. देवापुढे दिवा लावताना देव बघतोय का ते कुठे तपासतो आपण.

सोमवार, १७ मार्च

आजचं नीट लिहायला हवं.

साडेनऊला फोन. काळुरामदादा, कोपर लायब्ररीचे शिपाई. संस्थेत माझ्याही आधीपासून.

"हेमांगीताई, ह्यो मशीन मला वलखत नाय!"

"दादा, पासवर्ड नीट टाकलात ना?"

"एकोनीस वर्सं त्योच टाकतो. झोपेत पन चुकायचा नाय."

"एकोणीस? दरवर्षी बदलायचा असतो ना?"

"मना कुनी सांगला नाय. आनि तुमीच बोलला व्हता ना ताई — दादा, ह्यो तुमाला कदी बदलायला लागनार नाय. मॅडम पन हुब्या व्हत्या थितं. हासत व्हत्या!"

आठवलं! सगळं!

२००६. पहिली चाळीस खाती मी जुन्या युनिक्स मशीनवरून उचलून आणली होती. पासवर्ड वाचता येत नाहीत, कुलपासकट उचलावे लागतात. मॅडम म्हणाल्या होत्या, सगळ्यांना नवीन पासवर्ड घ्यायला लाव, झंझट नको. तेवढ्यात काळुरामदादा दारात. कसाबसा एक पासवर्ड पाठ झालेला, आता नवा घ्यायचा म्हटल्यावर माणूस रडवेला. आणि मी, पंधरा दिवसांची नोकरी, छाती काढून सांगितलं, "दादा, तुम्हाला हा कधीही बदलावा लागणार नाही!"

दादा गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "शब्द तू दिलास. पाळायचा माझ्या सर्व्हरने?" आणि हसत हसत तो पर्याय चालू केला. पुढे बदलायचा नियम आला, तोही त्यांनी या चाळीस खात्यांना लावला नाही, हे आज कळलं.

का ते हेमांगीला ठाऊक!

लॉग उघडला. काल संध्याकाळपासून बाहेर राहिलेल्यांत जुन्या कुलपाचे किती? सात जण. माझं "आता कुणी वापरत नाही" म्हणजे सात माणसं. दोन शिपाई, कल्याणचे एक प्राध्यापक, दोन निवृत्त क्लार्क, काळुरामदादा.

आणि सातवं नाव — सुहासिनी. आज सकाळी ६:१२. परत ६:१३. परत ६:१३. परत ६:१९.

जुन्या मशीनचे लॉग काढले. दर सोमवारी, सकाळी सहा-सव्वासहा. एकही सोमवार चुकलेला नाही. थेट मी परत कामाला लागले त्या महिन्यापर्यंत मागे गेले. त्याच्या आधी, त्या निवृत्त झाल्यापासून वर्षभर, काहीच नाही.

"सर्व्हर" गटात कोण कोण आहे, तेही कधी बघितलं नव्हतं मी! चार पत्ते. दोन बंद पडलेले, एक ऋतुराज. चौथा त्यांचा.

कॉम्प्युटरला हात लावत नाही म्हणे!

मंगळवार, १८ मार्च

क्रिप्ट — चालू. मी काळुरामदादांना शब्द दिला आहे. अजून सहा जणांना न विचारताच दिला गेला आहे.

कोपर आणि मेल काल दुपारीच जुन्या मशीनवर परत नेले होते. पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा बिल्ड. आहे का? आहे. आहे का? आहे.

बुधवार, १९ मार्च

नव्या मशीनवर चाचणी पुन्हा सुरू. दादांचा फोन. "उघाडला! ताई, उघाडला!" मागे लायब्ररीतली मुलं टाळ्या वाजवत होती. वाचनालयात शांतता राखा ही पाटी लावणारा माणूस हाच.

रविवार, २३ मार्च

रिपोर्ट लिहायला तीन तास लागले. नेहमी वीस मिनिटं लागतात. कोण वाचणार ते ठाऊक असलं की आपण किती बावळटासारखे लिहितो! "तथापि" खोडलं. "सदर" खोडलं. शेवटी सरळ लिहिलं: क्रिप्ट बंद केलं होतं, कारण चुकीचं लिहिलं होतं, सात माणसं एक सकाळ बाहेर राहिली, चूक माझी.

सोमवार, २४ मार्च

६:११. आत आल्या. सत्तेचाळीस मिनिटं होत्या.

उत्तर नाही. असू दे. सत्तेचाळीस मिनिटं! एका पानाला!

गुरुवार, २७ मार्च

आज गल्लीच्या तोंडाशी थांबले. उसाच्या रसवाल्याकडे रस घेतला, ग्लास संपेपर्यंत उभी राहिले. जास्वंद दिसते तिथून, पहिल्या मजल्यावर, ग्रीलबाहेर आलेली. लाल नाही, फिकी केशरी.

वळले नाही. पण एक गोष्ट आज स्वतःशी तरी कबूल केली. २०११ मध्ये समीक्षाचं कारण नव्हतंच. आदल्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षीपासून सर्व्हर तुझा." त्या रात्री मला ताप भरला होता. मी घाबरले. एवढंच. लेकीला पुढे केलं आणि पळाले. आणि ज्या बाईने मला कारण लिहायला शिकवलं, तिच्याच हातात खोटं कारण दिलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा

सकाळी सातला गुढी. तांब्या जरा तिरका बसला, आनंद म्हणाला, "कॉन्फिगर नीट केलं नाहीस." नवी साडी नेसूनच ऑफिसला गेले. बाहेर शोभायात्रेचे ढोल, खिडकीची काच थरथरत होती.

१०:५० ला सगळी संस्था नव्या मशीनवर. ११:४० पर्यंत तीनशे बारा लॉगिन, बाहेर राहिलेलं कुणी नाही. यावेळी मोजून लिहितेय!

जुन्या मशीनचं बटण दाबायच्या आधी त्यावर हळदकुंकू लावलं. ऋतुराज श्रीखंडाचा डबा घेऊन आलेला, तो बघतच राहिला. "मॅडम, बंद करताना पूजा?" म्हटलं, बंद करतानाच जास्त लागते.

"कंपनीला 'नको' म्हणून कळवतो," तो म्हणाला. "हे आता तुमचं."

तुमचं! चौदा वर्षांनी पुन्हा कुणीतरी म्हणालं. ताप आला नाही. श्रीखंड दोनदा घेतलं.

बुधवार, २ एप्रिल

ऋतुराज: "मॅडम, एक राहिलंच. निवृत्त लोकांची खाती बंद करा. ऑडिटवाले विचारतात. तीनच आहेत ना?"

तीनच. दोन क्लार्क आणि त्या.

मी म्हटलं, एक ठेवू या का? तो म्हणाला, "रविवारपर्यंत कारण लिहून द्या, ठेवतो." भला आहे तसा.

चार दिवस कारण शोधायला आहेत.

शनिवार, ५ एप्रिल

कारण सापडलं. पण ते ठेवण्याचं नाही.

रविवार, ६ एप्रिल

आजच्या रिपोर्टच्या खाली हे लिहिलं, पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते —

"सुहासिनी मॅडम, तुमचं खातं उद्या सकाळी साडेसातला बंद होईल. तोवर तुमचं हे वाचून झालेलं असेल.

कारण — चार मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला मेल पाठवणं हा माझा भित्रेपणा आहे, आणि तो मी तुमच्या सर्व्हरवर चालू ठेवणार नाही. २०११ मध्ये मी लिहिलेलं कारण खोटं होतं. खरं कारण: घाबरले होते. आता नाही.

मंगळवारी सहा वाजता ऑफिस सुटल्यावर रिपोर्ट छापून घेऊन दारात येते. तुम्ही नाही म्हणाल, माहीत आहे. तरी विचारते — समोर बसून वाचाल का?"