मुशीच्या अन्ननलिकेतला माझा शोध

१ जुलै, सकाळी ९
आजपासून रोज लिहिणार. शिस्त म्हणून.
पीएच.डी.चं सातवं वर्ष. ३० सप्टेंबर ही शेवटची मुदतवाढ. तोवर शेवटचा सेमिनार पास झाला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. पण तीन महिने म्हणजे रग्गड. विषयही सोपा. आपलं रक्त हाडांच्या पोकळीत बनतं. मुशी म्हणजे छोटा शार्क मासा; तिला हाडंच नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. मग तिचं रक्त बनतं कुठे? प्लीहेत, अंडाशयाला चिकटलेल्या एका अवयवात, आणि काही जातींत अन्ननलिकेच्या भिंतीतही. माझ्या जातीत अन्ननलिकेत बनतं का, एवढंच मला सांगायचंय.

४ जुलै
लॅबमधल्या काकूंनी बारा मुशा कापून अवयवांचे तुकडे काढून दिले. काकू टेक्निशियन, एकवीस वर्षं इथेच. मी बाजूला उभा राहून प्लॅनिंग केलं. मला वासाने मळमळतं, आणि शेवटी हातापेक्षा डोकं महत्त्वाचं.
बाटल्यांत टाकायच्या चिठ्ठ्या मात्र स्वतः लिहिल्या. जेल पेनने, निळ्या शाईत, सुवाच्य. काकू म्हणाल्या, पेन्सिलने लिहा, अल्कोहोलमध्ये शाई टिकत नाही. पेन्सिलने लिहायला मी काय दुसरीत आहे?

१९ जुलै
पहाटे पाचला उठून वाचन करायचं ठरलं होतं. साडेनऊला उठलो. झोप झाली की मेंदू चालतो.
बायकोने विचारलं, मुदत कधीपर्यंत. म्हटलं, विज्ञानात घाई चालत नाही. ती म्हणाली, या सात वर्षांत मी दोन नोकऱ्या बदलल्या, आपली मुलगी जन्माला आली आणि वाचायला शिकली. याचा इथे काय संबंध, कळलं नाही.

२ ऑगस्ट
बाटल्या उघडल्या. चिठ्ठ्या कोऱ्या. अल्कोहोल फिकट निळं. काकूंनी नुसतं बघितलं. त्यांचं हे बघणं मला अजिबात आवडत नाही.
तुकडे सगळे सारखेच पांढुरके. काकू म्हणाल्या, नवे मासे आणू, आठ दिवसांचं काम. म्हटलं, गरज नाही, माझी स्मरणशक्ती दांडगी आहे. डावीकडच्या बाटल्या अन्ननलिका, उजवीकडच्या अंडाशयाजवळचा अवयव. मध्यंतरी कुणीतरी कपाट पुसून रॅक उलटा ठेवला असावा, असं काकूंचं म्हणणं. डावं ते डावं.

२१ ऑगस्ट, दुपारी ३
काकूंनी कापून, रंगवून दिलेली अन्ननलिकेची स्लाइड बघितली. गुलाबी दाण्यांच्या रक्तपेशी खच्चून भरल्यात! पुस्तकात लिहिलंय, या जातीच्या अन्ननलिकेत असं काही नसतं. म्हणजे पुस्तक चूक.
अन्ननलिकेचं अस्तर कुठेच दिसत नाही. धुताना गेलं असणार.

२३ ऑगस्ट
स्लाइडच्या कोपऱ्यात एक मोठा गोळा. काकू म्हणाल्या, हे अंडं वाटतंय. असेल की. अन्ननलिका आहे, मुशीने कुणाची तरी अंडी खाल्ली असतील. आहारावर वेगळं प्रकरण लिहिता येईल.
काकूंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

३० ऑगस्ट
गाइड मॅडमनी स्लाइडी मागितल्या. म्हटलं, सेमिनारला सरप्राइज देतो. त्या म्हणाल्या, सरप्राइज नको, स्लाइडी द्या. देतो म्हटलं. देणार नाही. शोध चोरीला जातात.

१७ सप्टेंबर
उद्या सेमिनार. शर्टाला इस्त्री करून घेतली. बायकोला सांगितलं, उद्यापासून डॉक्टर म्हणायची सवय कर. ती म्हणाली, आधी हो तर.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी
बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मवाळ. बारा स्लाइडींपर्यंत मान हलवत होते. तेराव्या स्लाइडवर मी अंड्यावर लेझर धरून आहाराचा मुद्दा मांडला. त्यांनी विचारलं, अंड्याभोवती हे पेशींचे थर दिसतायत, ते गिळल्यावर तयार झाले का? म्हटलं, यावर अधिक संशोधन व्हायला हवं. ते म्हणाले, बाळा, हे अंडं अजून अंडाशयातच आहे. तू अंडाशयाजवळचा अवयव दाखवतोयस, त्यात रक्त बनतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.
मागे कुणीतरी हसू दाबलं. मॅडम टेबलाकडे बघत बसल्या.
प्रोजेक्टर खराब होता.

२० सप्टेंबर
मॅडम म्हणाल्या, अजून दहा दिवस आहेत. नवे मासे घे, काकू मदत करतील, परीक्षक पुन्हा ऐकायला तयार आहेत. चांगली बाई आहे. पण आधी प्रोजेक्टरबद्दल निषेधपत्र जायला हवं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२९ सप्टेंबर
निषेधपत्राचा अकरावा मसुदा. आता भाषा जमलीय.

१ ऑक्टोबर
नोंदणी रद्द. दोन ओळींचा ईमेल. बाथरूमचा नळ सोडून रडलो. बायकोने दार वाजवलं नाही. बाहेर आलो तर चहा ठेवला होता आणि ती मुलीचा अभ्यास घेत होती.

९ ऑक्टोबर
लॅबमधलं माझं सामान आणायला गेलो. काकू मुशी कापायच्या तयारीत होत्या. म्हटलं, आज मी कापू का? सात वर्षांत एकदाही हात लावला नव्हता. त्यांनी हातमोजे दिले.
पोट उघडलं. आत दोन्ही बाजूंना पसरलेला, मोठा, मऊ, फिकट अवयव. याच्यापायी एवढी वर्षं घालवली आणि याला कधी नीट बघितलंसुद्धा नाही. काकूंना म्हटलं, काकू, हाच तो. यातच रक्त बनतं.
काकूंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग हळूच म्हणाल्या, ते यकृत आहे.