लिंबाच्या रोपाची माती

शुक्रवार, १० डिसेंबर १९७१

मुलगा आघाडीवर गेल्यापासून त्याची काहीच खबर नाही. जाण्याआधी विनूनं क्वार्टरच्या अंगणात लावलेलं लिंबाचं रोप पिवळं पडून राहिलंय, आणि सिंधू सारखी त्याच्यापाशी जाऊन बसते. "काहून सुकून राहिलं हो हे? काही वाईट तर नसेल?" काय सांगणार बायकोला?

आज रुमालात माती बांधून फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या तिवारीजींनी ती पाण्यात कालवली. आंबटपणा मोजायच्या मीटरची काचेची नळी आधी ठरावीक द्रावणात बुडवून काटा जुळवला. "वरना सुई झूठ बोलेगी," म्हणाले. मग मातीच्या पाण्यात बुडवली. काटा सातच्या जरा अलीकडे थांबला. आंबट नाही, खारी नाही. "मिट्टी में कोई खराबी नहीं, भैया."

खराबी असती तर बरं झालं असतं. घरी येईपर्यंत तो काटाच डोळ्यांसमोर.

सिंधू फाटकातच उभी. "काय निघालं?"

म्हटलं, माती आंबट झाली, बाकी काही नाही. चुना घातला की सुधारेल. तिचा चेहरा असा उजळला की पुढं बोलवेना. ब्लॅकआउटच्या आधी तिनं स्वतःच्या हातानं चुना मिसळला. चांगल्या मातीत एवढा चुना! मुळं जळतील, रोप आता जगत नाही. अडवायला हवं होतं का?

आज ती पोटभर जेवली. ताटं उचलताना म्हणाली, "विनू आला की सांगू नका हं त्याला, झाड आजारी होतं म्हणून."