शेजारणीला बाळ झालं तर

उइटहॉर्न, नेदरलँड्स, नोव्हेंबर २०२०

ती. कुमुदताईस, मनोहरचा दीड मीटरवरून साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि भावजींचं ऑनलाइन भजन, दोन्ही कुरकुरत का होईना, चालू असतील. माझा छळ मात्र तुला कळायलाच हवा. मी घरून काम करतो हे कुरियरवाल्यांनी हेरल्यापासून अख्ख्या गल्लीची पार्सलं माझ्याकडे पडतात. परवा कुणाचा तरी पलंग माझ्या दिवाणखान्यात मुक्कामाला होता (तो आडवा, मी उभा).

असंच एक पार्सल न्यायला समोरची नुहा आली. सीरियातून आलेली निर्वासित, शिवणकाम करते. आत परीक्षेचं पुस्तक होतं. तिचं पाच वर्षांचं तात्पुरतं संरक्षण संपलंय. परीक्षा पास झाली तर कायमचा परवाना. नाही तर पुन्हा तात्पुरता, आणि तिचा देश आता सुरक्षित आहे असं कुणी ठरवलं की चालू लागा. भाषेचे पेपर सुटले होते, उरला इथल्या रीतिभातींचा. मी म्हटलं, आण इकडे, सतरा वर्षं काढलीत मी इथे (सगळी मराठी मंडळात; डच माणसाचा उंबरठा एकदाही ओलांडलेला नाही). पुस्तकामागे उत्तरं होती. मी म्हटलं, ती बघून अभ्यास होत नसतो.

शेजारणीला बाळ झालं, काय कराल? डबा घेऊन तडक जायचं, त्यात विचारायचं काय! वरचे लोक गोंगाट करतात? आपण कशाला वाईट व्हा, तिसऱ्याकरवी कानावर घालायचं. साहेब चुकले? मान डोलवायची. नुहा हरखली. "अगदी आमच्यासारखंच की! मला उगाच वाटायचं, इथे वेगळं असेल."

ताई, ती नापास झाली. (आधी फोन करून वेळ घ्यायची, शेजाऱ्याला स्वतः जाऊन सांगायचं, साहेबालाही तोंडावर. मागचं पान मी नंतर वाचलं.) निकाल सांगायला आली तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाली, "तुम्ही एवढं शिकवलंत, मीच घाबरून विसरले असणार." यावर तुझा भाऊ काय म्हणाला असेल? "होतं असं." वर, "पुढच्या वेळी नीट लक्ष दे."

तेव्हापासून मी माझ्या खिडकीचा समोरच्या बाजूचा पडदा उघडलेला नाही. थोरांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद द्यायची सध्या लायकी नाही.

तुझा,
मनोहर

ता. क. खरं काम हे : तुझी अश्लेषा पुण्यात डच शिकवते ना, तिला म्हणावं, नुहाची ऑनलाइन तयारी करून घे. मीही बसेन, कॅमेरा बंद करून. आणि भिशीत 'आमच्या मन्याला तिकडचं सगळं ठाऊक' हे आता बंद कर.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवून परत फोडलं. फेरपरीक्षेची फी भरून टाकली आणि समोर जाऊन नुहाला सांगून आलो, की तू काहीच विसरली नव्हतीस.